ट्रॅक्टरच्या स्लॅशरने झुडपं आणि लहान झाडं काढताना: नागपूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं पडीक राहिलेलं वावर पुन्हा वाहितीखाली आणायचं ठरलं की मजूर मिळत नाहीत, जेसीबी परवडत नाही आणि मग कुणीतरी स्लॅशरचं नाव काढतं. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातून, हिंगण्याच्या मुरमाड चढांवरून, उमरेड-भिवापूरच्या जमिनींवरून येणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. यंत्र कामाचं आहे यात शंका नाही. पण ते धोक्याचंही आहे, आणि विकताना त्या धोक्याबद्दल फार कमी सांगितलं जातं. त्यामुळे काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

स्लॅशर म्हणजे नेमकं काय? रोटाव्हेटर किंवा श्रेडरपेक्षा वेगळा कसा?

ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडण्यांवर बसणारी ही जाड पत्र्याची पेटी असते. वर गिअरबॉक्स, खाली आडवी फिरणारी दोन किंवा तीन जाड पाती. ताकद पीटीओ शाफ्टमधून, म्हणजे अवजार चालवायला ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यातून, येते. पाती घट्ट आवळलेली नसतात, बोल्टभोवती मोकळी झुलतात. दगड किंवा खुंट लागला की पातं मागे दुमडतं आणि गिअरबॉक्सवरचा झटका कमी होतो. भारी कामाच्या स्लॅशरमध्ये पात्यांच्या मधोमध एक गोल थाळी असते, ती खुंटावरून घसरत पुढे जाते.

रोटाव्हेटर माती फिरवतो. श्रेडरमध्ये आडव्या रोटरवर बरीच लहान पाती असतात आणि तो काडीकचऱ्याचा बारीक भुगा करतो. स्लॅशर मातीला हात लावत नाही. तो जमिनीच्या वर वेगाने फटका मारून झाड तोडतो, म्हणून कापलेला भाग फाटल्यासारखा दिसतो.

माझा ट्रॅक्टर ३५ एचपीचा आहे. चालेल का?

गवत, तरोटा आणि बोटाएवढी झुडपं असतील तर पाच फुटी हलका स्लॅशर चालतो. झाडं तोडायला नाही. भारी पाच फुटी स्लॅशरला ४५ ते ५० एचपी हवा, सहा फुटीला ५५ ते ६० किंवा जास्त. इंजिनाची पूर्ण ताकद पीटीओवर येत नाही, पाहताना पीटीओ एचपीचा आकडा पाहा.

दुसरी गोष्ट वजनाची. भारी स्लॅशर काही क्विंटलचा असतो आणि तो सगळा मागच्या चाकांच्याही मागे लटकतो. चढावर ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. पुढे वजनं लावा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे.

किती जाड झाड तुटतं?

हलका स्लॅशर साधारण एक इंच, मध्यम दोन इंच, भारी तीन ते चार इंच. यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. शिवाय आकडा ओल्या, मऊ लाकडाला वेगळा लागू पडतो आणि वाळलेल्या बाभळीला वेगळा. मनगटापेक्षा जाड हिवर, बाभूळ किंवा बोर दिसली तर ती आधी करवतीने जमिनीलगत आडवी कापून घ्या. तिरकं कापू नका, तिरका खुंट टायरमध्ये भाल्यासारखा घुसतो.

उंच झाड ट्रॅक्टरने पुढून वाकवत नेण्याचीही सवय दिसते. वाकलेलं झाड ट्रॅक्टरखालून सुटून उसळतं, डिझेलची नळी, ब्रेकचे दांडे किंवा चालकाचा पाय पकडतं. रेडिएटरसमोर जाळी आणि पोटाखाली जाड पत्रा नसेल तर डोक्यापेक्षा उंच झुडपात शिरू नये.

माझीच जमीन आहे. परवानगी कशाला लागेल?

सातबारा आधी नीट वाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली नोंदींमध्ये «झुडपी जंगल» अशी नोंद असलेली जमीन पुष्कळ आहे. नावावरून ती साफ करण्यासारखी वाटते, पण २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी धरल्या आहेत. अशा गटात स्लॅशर घालणं म्हणजे वन कायद्याचा भंग. आपल्या वावराला लागून असा गट किंवा ई-क्लासची (सरकारी चराईची) जमीन असेल तर मोजणीच्या खुणा पक्क्या करूनच सुरुवात करा. झुडपांत धुरा (बांध) दिसत नाही आणि ट्रॅक्टर सहज पलीकडे जातो.

खासगी जमिनीवरच्या ठरावीक झाडांनाही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. साग, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही झाडं त्याच्या यादीत आहेत. पडीक वावरात सागाची आणि मोहाची रोपं हमखास उगवलेली सापडतात. ती ओळखून, भोवती खुणेची काठी रोवून वाचवा. मोह तर तोडायचा विचारच करू नका, मोठा झाल्यावर तो घराला पैसा देतो.

महानगरपालिका हद्दीतल्या मोकळ्या प्लॉटसाठी १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे आधी पालिकेच्या उद्यान विभागात विचारा.

यंत्र आणण्याआधी वावरात काय बघायचं?

या प्रश्नाचं उत्तर वाचल्याशिवाय बाकीचं वाचू नका, कारण सगळ्यात वाईट अपघात इथूनच सुरू होतात.

वावर पायी फिरा. ट्रॅक्टरवरून नाही. दोघांनी मिळून फिरा, हातात लांब बांबू घ्या आणि पाऊल टाकण्याआधी समोरची जमीन ठोकून पाहा. आपल्याकडे जुन्या, कठडा नसलेल्या विहिरी जागोजाग आहेत. कोरडी पडलेली विहीर लोक वापरायचं सोडतात, काठावर राईमुनिया (घाणेरी) चढते, दोन पावसाळ्यांत तोंड पूर्ण झाकलं जातं. वरून फक्त हिरवा ढीग दिसतो. ट्रॅक्टरचं पुढचं चाक काठावर आलं की काठच ढासळतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का बघा, आणि हे वावर पूर्वी ज्याने वाहलं त्या गावातल्या जुन्या माणसाला घेऊन या. नोंदीत नसलेलं त्याला आठवतं. विहीर सापडली की चारही बाजूंनी चांगलं अंतर सोडून उंच बांबू रोवा आणि त्यांना लाल कापड बांधा. तो भाग हाताने कापायचा.

मग दगड. धुऱ्यावरून सुटलेले दगड, जुन्या झोपडीचा पाया, हद्दीचे खांब. मग तार. झटका मशीनची तार, काटेरी तार, पंपाची जुनी केबल. रानडुकरांसाठी कुणी थेट वीज सोडलेली असली तर ती माणसाचाही जीव घेते, शेजाऱ्यांना विचारून खात्री करा.

संत्र्याच्या जुन्या बागेत ठिबकच्या नळ्या ही वेगळीच डोकेदुखी. गवतात बुडालेली काळी नळी पातं उचलतं आणि ती शाफ्टभोवती गुंडाळत जाते. वरून काहीच कळत नाही. घर्षणाने नळी वितळते, गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमध्ये शिरते आणि काही दिवसांनी थाळीवर तेलाचा ओघळ दिसू लागतो. तोपर्यंत सील गेलेलं असतं, आणि दुर्लक्ष झालं तर बेअरिंगही. तारेचंही असंच होतं. म्हणून नळ्या आधी ओढून गोळा करा, आणि दर जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात ठेवून, स्लॅशरला ठोकळ्यांचा आधार देऊन खाली पाहा. केवळ हायड्रॉलिकवर उचललेल्या स्लॅशरखाली हातही घालायचा नाही.

लोकांना किती लांब ठेवायचं?

निदान १०० मीटर. पाच फुटी स्लॅशरच्या पात्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे पावणेपाच मीटर जातं. मिनिटाला ९०० फेरे धरले तर वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. या वेगाने लागलेला गिट्टीचा तुकडा किंवा तुटलेला बोल्ट बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. पुढच्या आणि मागच्या बाजूला लोंबत्या साखळ्या असल्याच पाहिजेत. «गवत अडकतं» म्हणून त्या काढून टाकलेली यंत्रं भाड्याने फिरताना दिसतात. असं यंत्र परत पाठवा.

फाट्या गोळा करायला बायामाणसं मागोमाग चालतात, हे तर पूर्ण बंद करा. गोळा करण्याचं काम ट्रॅक्टर थांबल्यावर. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पोराला तर नाहीच.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

नोव्हेंबर ते जानेवारी. काळी जमीन तोवर वाफशावरून पुढे गेलेली असते, ट्रॅक्टर रुतत नाही, गवत बसू लागतं आणि खालचं दिसतं. पावसाळ्यात भारी जमिनीत ट्रॅक्टर घालून चाकाखालची माती दाबून टाकली तर त्याचा त्रास पुढच्या पिकाला होतो.

फेब्रुवारीनंतर गवत पार वाळून जातं. पातं दगडाला लागून ठिणगी उडते, सायलेन्सरजवळ साचलेला पालापाचोळा उष्णतेने धुमसतो. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. रामटेक, पारशिवनी, उमरेडकडे जंगलाला लागून वावर असेल तर या काळात काम टाळाच. करावंच लागलं तर सकाळी लवकर, पाण्याचा टँकर किंवा पाठीवरचा फवारणी पंप भरून जवळ ठेवून. मे महिन्यात ४५ अंशांत काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यात चाकं आपटतात आणि शाफ्टला झटके बसतात.

क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. ब्रेक खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. एकाच क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आणि चाकं एकाच गिअरमधून जोडलेली असतात. क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, पण फिरणाऱ्या जड पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा चाकांपर्यंत येतो. धुऱ्याजवळ किंवा विहिरीजवळ हे जिवावर बेततं. उपाय म्हणजे पीटीओवर एकदिश क्लच बसवणं. तो ताकद एकाच बाजूने जाऊ देतो, आणि तो नसेल तर एका क्लचच्या ट्रॅक्टरवर स्लॅशर चालवूच नये. स्वतंत्र पीटीओ असलेल्या ट्रॅक्टरला हा त्रास नसतो.

पीटीओ बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहतात. पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उतरू नका.

पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट सारखा तुटतो. जाड बोल्ट टाकला तर?

मग बोल्टच्या जागी गिअरबॉक्स तुटेल. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच बोल्ट वापरा, चारसहा जवळ ठेवा. सारखा तुटतोय म्हणजे एकतर तुम्ही जास्त जाड झाडं घेताय, किंवा खूप जोरात जाताय, किंवा पाती फिरत असताना खाली टेकवताय.

काही यंत्रांत बोल्टऐवजी घसरता क्लच असतो. त्याच्या चकत्या पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहून गंजतात आणि एकमेकींना चिकटतात. मग वेळेला तो घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगच्या नटांची जागा खुणेने नोंदवून ते थोडे ढिले करा, यंत्र दोनतीन सेकंद चालवून चकत्या घसरतात का पाहा, आणि नट मूळ खुणेवर आणा.

किती वेगाने चालवायचं? एका तासात किती होतं?

पीटीओ मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर, गाडी मात्र सावकाश. उलटं करणारे खूप आहेत, कमी थ्रॉटलवर वरच्या गिअरने पळवतात. त्यात झाड कापलं जात नाही, फक्त झोपतं आणि मागून उठून उभं राहतं.

पाच फुटी यंत्र ताशी तीन किलोमीटरने चाललं तर वळणं आणि एकमेकांवर चढणारे पट्टे धरून तासाला जेमतेम पाऊण एकर होतं. दाट राईमुनियात त्याच्या निम्मं. भाडं ठरवताना एकराच्या दरापेक्षा तासाचा दर बरा. एकरावर ठरवलं की चालक घाई करतो.

टायर पंक्चर होणं कसं टाळावं?

पूर्ण टळत नाही. बाभळीचा काटा आणि वाळलेला खुंट, दोन्ही टायर खातात, पुढचे जास्त. पहिल्या फेरीत पाती जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, कापलेला काटेरी पाला बाजूला ओढून घ्या आणि दुसऱ्या फेरीत खाली उतरा. कापलेल्या पट्ट्यातून परत परत ट्रॅक्टर फिरवू नका.

दरवर्षी कापतो आणि दरवर्षी दुप्पट फुटतं. असं का?

कारण कापण्याने झाड मरत नाही. पळस, बोर, सुबाभूळ, वेडी बाभूळ यांची मुळं शाबूत राहतात आणि एका खोडाच्या जागी पाचसहा धुमारे येतात. स्लॅशर लावला म्हणजे वावर साफ झालं, हा समज सगळ्यात महाग पडतो. पहिली कापणी ही कामाची सुरुवात आहे. खर्चाचा हिशेब करताना पुढचे दोन हंगाम धरूनच करा.

मुळात साठवलेलं अन्न संपवायचं, हे खरं काम. धुमारे फुटून पानं पूर्ण उघडली की दुसऱ्यांदा कापा. त्या वेळी मुळांनी साठा खर्च केलेला असतो आणि पानांनी तो अजून परत भरलेला नसतो. असं लागोपाठ केलं की खोड दमतं. मध्ये शेळ्या सोडता आल्या तर कोवळी बोर आणि बाभूळ त्या खाऊन टाकतात. ज्या भागात पीक घ्यायचंच आहे तिथले जाड खुंट मात्र खणून काढावे लागतात.

राईमुनियासाठी दुसरी पद्धत जास्त खात्रीची आहे. स्लॅशरने वरचा पसारा काढा, मग कुदळीने बुडाशी जाऊन मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली तोडा आणि गड्डा उलटा करून ठेवा. नवे फुटवे त्या बुडाच्या भागातूनच येतात, तो सुटला की झाड परत उठत नाही. पक्षी तिची फळं खाऊन बी पसरवतात, तेव्हा फळं काळी होण्याआधी काम उरका. नंतरही पहिल्या पावसात उगवणारी रोपं हाताने उपटावी लागतात. ओल्या मातीत ती सहज निघतात.

नाल्याकाठची बेशरम स्लॅशरने काढू का?

नका काढू. बेशरमच्या देठाचा डोळा असलेला तुकडा ओलीत पडला की मूळ धरतो. स्लॅशर तुकडे करतो आणि नाला ते खालच्या शेतांपर्यंत पोचवतो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मुळासकट उपटा आणि उंच, कोरड्या जागी पूर्ण वाळू द्या.

गाजर गवताला फुलं आली असतील तर तिथेही स्लॅशर नको. बी उडतं, आणि धुळीने अंगाला खाज, दमेकऱ्याला धाप. फुलोऱ्याआधी कापा, नाकातोंडाला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

झुडपांत ससे, तितर, साप असतात. त्यांचं काय?

हा प्रश्न विचारणारे कमी आहेत, त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

बाहेरून आत गोल गोल कापत गेलं की सगळे जीव मधल्या शेवटच्या तुकड्यात अडकतात आणि शेवटच्या फेरीत मरतात. मधून सुरुवात करून बाहेर या, किंवा एका कडेने सुरू करून नाल्याच्या किंवा झाडीच्या बाजूला संपवा. त्यांना पळायला वाट मिळते. रानडुक्कर असण्याची शंका असेल तर आधी लांबून आवाज करा. उन्हाळ्यात टिटवी आणि तितर जमिनीवर अंडी घालतात, हेही हिवाळ्यात काम उरकण्याचं एक कारण. नाल्याकाठचा आणि धुऱ्यावरचा थोडा पट्टा तसाच ठेवा, माती धरून राहते.

घोणस पाल्याखाली पडून असते आणि हलत नाही. पाय टाकणाऱ्यांनी उंच बूट घालावेत, पाला हाताने नाही तर दाताळ्याने ओढावा. चावलाच तर बांधाबांध, चिरा, मांत्रिक काही नाही, सरळ रुग्णालय.

संत्र्याच्या चालू बागेत वापरता येतो?

येतो, आणि रोटाव्हेटरपेक्षा बरा. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, रोटाव्हेटर ती तोडतो आणि जखमांतून मूळकूज शिरते. स्लॅशर गवत कापून तिथेच पसरवतो. पण झाडाच्या घेराबाहेरच राहा. खोडाला पत्र्याची कड लागली की साल फाटते आणि डिंक्या रोगाला दार उघडतं.

पऱ्हाटी (वेचणीनंतर उभी कापसाची झाडं) काढायला चालेल का?

चालतो, पण श्रेडर चांगला. गुलाबी बोंडअळी किडक्या बोंडांत राहते, आणि स्लॅशरच्या लांब तुकड्यांत बोंडं बऱ्याचदा अख्खी उरतात.

जेसीबी लावू की स्लॅशर?

जाड झाडं आणि खुंट उपटायचे असतील तर जेसीबी. पण हिंगणा-कळमेश्वरच्या पातळ जमिनीत त्याचा बकेट खालचा मुरूम वर आणतो, आणि वीतभर चांगली माती एकदा खाली गेली की परत मिळत नाही. तिथे वरचं स्लॅशरने आणि निवडक खुंट माणसांनी, हेच योग्य.

विकत घ्यावा का? अनुदान मिळतं का?

एकदोन एकरांसाठी घेऊ नका. गावात किंवा शेजारी अवजारे बँक (अवजारं भाड्याने देणारं केंद्र) असेल तर तिथून भाड्याने घ्या. दरवर्षी बरंच क्षेत्र राखायचं असेल किंवा चारपाच जण मिळून घेत असाल तरच. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल धरत नाहीत.

पात्यांना किती धार लावू?

वस्तऱ्यासारखी नको, लगेच तुटते. दीडेक मिलिमीटर जाडीची बोथट कड ठेवा. पाती जोडीनेच बदला, दोन्हींचं वजन सारखं हवं, नाहीतर यंत्र थरथरतं आणि बेअरिंग जातं. पात्याचे बोल्ट रोज काम सुरू करण्याआधी तपासा, नवीन असतील तर पहिल्या तासाभरातच पुन्हा आवळा.

कापलेला पाला जाळून टाकू?

जाळू नका. काटेरी फांद्या धुऱ्यावर रचून कुंपण करा, जाड लाकूड चुलीला, बाकीचा पाला वावरातच पसरू द्या. पहिल्या पावसात तो बसतो आणि उतारावरची माती वाहून जात नाही. फळं धरलेली राईमुनिया आणि बी धरलेलं गवत तेवढं वेगळं काढून खड्ड्यात कुजवा.